खाटेवरच्या बाईचे पाय

"आली, आली! खाट आली!"

एवढी आरोळी उठली आणि बाजाराच्या मैदानात बसलेलं सगळं गाव उभं राहिलं. म्हातारे उभे, लेकुरवाळ्या उभ्या, आमचा शेजारी चैतराम तर बैलबंडीवर चढून उभा. मी बुटकी. मला सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या. मग काय, काखांखालून घुसत घुसत मी थेट पहिल्या रांगेत पोचले. आठवीतल्या मुलीला हे शोभतं का, असं आई नंतर म्हणाली. पण मी घुसले नसते, तर ही गोष्ट घडलीच नसती.

धानाची रोवणी नुकती उरकली होती, निंदणाला अवकाश होता. बायांना जरा टेकायला मिळालं होतं. नेमक्या अशा दिवसांत पास्टर ईश्वरदास आमच्या गावात उतरले. पांढरा कोट, बगलेत काळी पोथी, सोबत भोंगा, बाजाची पेटी आणि डफ वाजवणारे चार गडी. सौंदडच्या आसपासच्या खेड्यांत त्यांचं नाव फार झालं होतं. आंधळे बघतात, मुके बोलतात, पांगळे पळतात. प्रत्येकानं हे दुसऱ्याकडून ऐकलेलं.

आधी पास्टरसाहेबांनी स्वतःचंच चरित्र सांगितलं.

"भाइयो और बहनो! मी कोण होतो? पापी होतो! रेलगाडीत नकली सुरमा विकत होतो! मग हैजा झाला. डॉक्टरनं तोंडावर चादर ओढली, म्हणाला, खतम! आणि तेव्हा प्रभू माझ्या कानात बोलला, ईश्वरदास, उठ!"

"हालेलूया!" चार गडी ओरडले. मग गावही ओरडलं.

तेवढ्यात ती खाट आली. देवरीच्या रस्त्यानं चार जणांनी खांद्यावर आणलेली. वर एक बाई, गळ्यापर्यंत गोधडी पांघरलेली.

"ही बहीण गीताबाई! बारा साल खाटेवर आहे! बारा सालांत हिच्या पायाला जमीन लागली नाही! देखो, आज काय होते!"

पास्टरसाहेबांनी डोळे मिटले आणि ते स्वर्गातल्या भाषेत बोलू लागले. "शबा रबा तरबा लबा!" मला वाटलं होतं, स्वर्गातली भाषा म्हणजे केवढी अफाट असेल! ती चार शब्दांत संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मग त्यांनी गोधडी खसकन ओढली.

मी खाटेच्या पायथ्याशी होते. गीताबाईचे पाय माझ्या नाकासमोर. बोटांच्या बेचक्यात पांढरं पडून फाटलेलं कातडं, वर पिवळट तेलाचा थर. चिखल्या! रोवणीच्या सुटीत मीही बांधीत, धानाच्या चिखलात, उतरले होते, माझेही पाय तसेच झाले होते. 'बिचारी, हिलाही चिखल्या,' एवढंच माझ्या मनात आलं. कारण तोवर गीताबाई उठून बसली, खाली उतरली, डगमगत एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि मग चालायलाच लागली! मैदान नुसतं गरजलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

त्याच गर्दीत आईबाबांनी माझ्या मोठ्या बहिणीला, फुलवंताला, पुढे केलं.

फुलवंताला छातीचा रोग होता. म्हणून सासरच्यांनी तिला आमच्या अंगणात आणून सोडलं ते पुन्हा विचारलंच नाही. सौंदडच्या दवाखान्यात तिला सुया सुरू होत्या. दोन महिन्यांत ताप उतरला होता, पोटात घास जाऊ लागला होता, आणि ती माझ्या वेण्या पुन्हा ओढून घट्ट घालू लागली होती. पण सुया अजून बऱ्याच बाकी होत्या.

पास्टरसाहेबांनी तिच्या कपाळावर तळहात आपटला. "रोग गेला! आता जो सुई घेईल तो प्रभूला झूठा म्हणेल! सुई म्हणजे अविश्वास! बोल बहन, सुई घेशील?"

"नाही जी," फुलवंता रडत म्हणाली. तिच्या तोंडावर असा आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता.

माझे बाबा, केवळराम, बैल घ्यायचा तर त्याचं तोंड उघडून दात पाहतात, चार पावलं चालवून पाहतात, शेपटी ओढतात, मगच हात मिळवतात. पण त्या दिवसापासून सौंदडला जाणारी आमची बंडी त्यांनी सोडूनच ठेवली.

फुलवंता सुईला आली नाही, म्हणून दवाखान्यातल्या नर्स रूथबाई स्वतः घरी आल्या. त्यांच्या गळ्यात क्रूस असतो. बाबांनी तोच मुद्दा धरला.

"बाई, तुमी तं त्याईच्याच धर्माच्या. तुमाले तं समजाले पायजे, प्रभूनं बरी केली पोरीले."

"प्रार्थना मीही करते केवळरामजी," रूथबाई म्हणाल्या. "रोज करते. आणि मग सुई उकळायला ठेवते. तिला जरा बरं वाटत होतं ते त्या सुयांनीच. आता मध्येच सोडाल, तर रोग परत येईल आणि औषधाला दाद देणार नाही."

फुलवंता कोठीआड लपून बसली. बाहेर आलीच नाही. बाबांनी रूथबाईंना पाणी दिलं, पण बंडी जुंपली नाही.

थोड्याच दिवसांत ताप परतला. फुलवंता पदरात खोकायची आणि पदर लपवायची. मी ओढून पाहिला. लाल.

"बाई वं, हे काय?"

"आईले सांगू नको. पास्टरसाहेब म्हणतेत, सैतान निघून राहिला."

"कपाळावर एवढा तडाखा मारला तेव्हा निघाला नव्हता का?"

"तू लहान आहेस कौसे. गीताबाई चालली ना? डोळ्यानं पाहिली ना तू? मग मी काऊन बरी होणार नाही?"

गीताबाईला चालताना मीही पाहिलंच होतं. आणि त्याच दिवशी बाबांनी सांगून टाकलं की पुढच्या सभेनंतर पास्टरसाहेब फुलवंताला देवरीपलीकडे, आपल्या प्रार्थनाघरी नेणार. तिथे सुईवाले येत नाहीत. मग रूथबाई तिला शोधणार तरी कुठे?

संध्याकाळी आई, सुमित्राबाई, ओट्यावर बसून पायाला मोहाच्या बियांचं तेल चोळत होती. बोटांच्या बेचक्यात पांढरं कातडं, वर पिवळट थर. मी बघत राहिले.

"आई, घरात बसूनसनी चिखल्या होतेत का वं?"

"घरात चिखल असते का? बांधीत दिवस दिवस उभं राहावं लागते, तवा होतेत. पाटलीणबाईच्या पायाले पाहिल्या का कधी चिखल्या?"

"आन् बारा वर्षं खाटेवर असलेल्या बाईले?"

आईचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. तेलाची वाटी आईनं झाकून कोनाड्यात ठेवली. फक्त एवढं म्हणाली, "सभेत मी पुढं बसतो. तू माझ्याजवळच राह्य."

सभेचा दिवस उजाडला. मैदान मागच्या खेपेहून दुप्पट भरलं. दवाखान्याकडून रूथबाईही आल्या होत्या, मागे उभ्या. पास्टरसाहेबांनी पुन्हा चरित्र सांगितलं. या खेपेला ते साप चावून मेले होते. मी आईला कोपरानं ढोसलं. मग गीताबाई साक्ष द्यायला पुढे आली. नवं कोरं लुगडं, खाली मान.

"बोल बहन, बारा साल कुठे होतीस?"

"खाटेवर जी."

मी उठले. आवाज शाळेत कविता म्हणतानाचा निघाला. "पास्टरसाहेब, मग गीताबाईच्या पायाला चिखल्या कशा?"

सगळ्या बायांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गीताबाईच्या पायांकडे. गीताबाईनं लुगडं पायांवर ओढून घेतलं.

"बैठ जा लडकी! तुझ्यात सैतान बोलतो आहे!" पास्टर गरजले. "प्रभूनं पाय दिले म्हणून बहन कामावर गेली! त्यात काय!"

गर्दीतून हुंकार आला. हो, तेही खरंच, असं वाटण्यासारखंच होतं. पण आई उठली होती. ती सरळ गीताबाईला घेऊन खाली बसली, पदराखालून तेलाची वाटी काढली आणि तिचा पाय मांडीवर घेतला. जसा रोवणीत बाया एकमेकींचा घेतात तसा.

"इकडं या वं बायांनो, पाहा. आठ दिवसाआंधी चालाले लागली म्हणते. आठ दिवसाआंधी कोणाची रोवणी सुरू होती? हे कातडं फाटून, वाळून, आता सालं निघून राहिली. महिनाभर चिखलात उभं राहिल्याबिगर असे पाय होत नाही. आन् हा अंगठा पाहा. धानाचे पऱ्हे चिखलात रोवू रोवू नख झिजून गेलं."

बाया वाकल्या. त्या मैदानात एक बाई अशी नव्हती, जिला हे पाय वाचता येत नव्हते.

"बारा वर्षं खाटेवर पडलेल्या माणसाच्या पोटऱ्या काडीसारख्या होतात," मागून पुढे येत रूथबाई म्हणाल्या. "या पाहा, किती भरलेल्या आहेत."

आईनं तेल लावतच विचारलं, "कोणाच्या बांधीत रोवलं बाई?"

गीताबाईचा बांध फुटला. "पोटासाठी केलं माय. सगळी रोवणी केली, पण घरात दाणा नोयता. हा म्हणे, एक दिवस खाटेवर पडून राह्य, लुगडं देतो, जेवाले देतो. आमराईपर्यंत पायीच आलो मी. तिथल्या वळणावर खाटेवर चढवलं. खाट उचलणारे याचेच गडी."

"शबा रबा तरबा..." पास्टर ईश्वरदासांनी डोळे मिटून सुरुवात केली.

"लबा!" चैतराम बंडीवरून ओरडला, आणि अख्खं मैदान हसलं. त्या हसण्यापुढे भोंगाही चालेना. नकली सुरमा विकणारा माणूस अजूनही नकली मालच विकत होता. फरक एवढाच, की सुरम्यानं डोळे चुरचुरतात, आणि या मालानं माणूस मरतो. पेटी, डफ, भोंगा गोळा करून ते निघाले तेव्हा कोणी त्यांना अडवलं नाही, याचाही मला राग आहे. पुढच्या गावात ते नवीन खाट उचलणार.

बाबा मान खाली घालून उभे होते. मी गेले आणि म्हणाले, "बाबा, बैल असता तर चार पावलं चालवून पाहिला असता ना?"

आईनं डोळे वटारले. पण बाबा म्हणाले, "बोलू दे तिले." आणि बंडी जुंपायला गेले.

फुलवंता मात्र हसली नव्हती. ती गीताबाईच्या पायांकडे टक लावून बघत होती. तिचा चमत्कार गेला होता, आणि त्याच्या जागी पुन्हा सुया आल्या होत्या, दुखणाऱ्या, लांबच लांब. रूथबाईंनी तिला खोटी आशा दिली नाही. "पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. उशीर झालाय. पण अजून उपाय आहे," एवढंच म्हणाल्या.

रूथबाईंचा देव आणि आमचा देव वेगळा असेल, मला त्यात भांडायचं नाही. पण जो माणूस औषध सोडायला सांगतो, तो कोणत्याही देवाचा नाही. असा कोणी तुमच्या गावात आला, तर त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. विचारा. खाली वाका, जवळून बघा. तुमच्या स्वतःच्या कामानं तुम्हाला जे शिकवलं आहे ते मैदानाबाहेर ठेवून आत जाऊ नका. आमच्या बायांना चिखल्या कळत होत्याच. फक्त त्या दिवशी सगळ्यांच्या माना वर होत्या.

बंडीत फुलवंता माझ्या खांद्याला टेकून बसली. सौंदडचा रस्ता लागला तेव्हा तिनं बाही वर केली आणि जुन्या सुयांची जागा चोळली.

"सुई लय दुखते वं कौसे," ती म्हणाली.

"दुखू दे," मी म्हटलं, आणि तिचा हात धरून ठेवला.