डबीला कुठला रोग होता?

इस्पितळासमोरच्या रुग्णनिवासाच्या हॉलमध्ये सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर फुंकरबाबा, आणि समोर रांगेत कॅन्सरचे रुग्ण, प्रत्येकाच्या दंडात औषधासाठी बसवलेली बारीक नळी. सारख्या सुया टोचायला नकोत म्हणून डॉक्टर ही नळी दंडातल्या शिरेतून थेट हृदयाजवळ नेतात आणि ती जिथून आत शिरते तिथे पारदर्शक पट्टी चिकटवतात. बाबा ती पट्टी नखाने उचकटायचा. नखात काळा मळ. मग तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात सारून उघड्या जागेवर लांबलचक फुंकर मारायचा. थुंकीचे तुषार खिडकीतल्या उन्हात चमकायचे आणि लोक त्यालाच तेज म्हणायचे.

"आत दडलेला रोग आम्ही शिरेशिरेतून खाली ओढतो," बाबा सांगायचा. "हात सुजला की समजायचं, रोग हातात उतरला. आता तो कुठे पळतोय?"

आणि हात खरंच सुजायचे. सगळ्यांचे नाही, पण बऱ्याच जणांचे. गर्दीला एवढं पुरेसं होतं.

मी नाम घेणारा माणूस आहे. रसाळ निरूपण ऐकताना माझे डोळे भरून येतात. म्हणूनच हा प्रकार मला जास्त झोंबत होता. हा मनुष्य माझ्याच देवाच्या नावावर थुंकत होता, आणि तेही आजारी माणसाच्या उघड्या जखमेवर.

कॅन्सरच्या औषधासाठी माझ्या ताईच्याही दंडात नळी होती; एके दिवशी तीही त्या रांगेत जाऊन बसली. मी तिच्या विनवण्या केल्या. शाळेत विज्ञान शिकवणारी तिची मुलगी, माझी भाची, तिनेही समजावलं.

"तुम्ही मामा-भाची तेवढे शहाणे," ताई म्हणाली, "आणि ही एवढी माणसं वेडी, होय ना?"

थोड्याच दिवसांत ताईचा दंड टम्म फुगला, हुडहुडी भरून ताप चढला. आम्ही हादरलो आणि ताई मात्र खूश. बाबाने तिला बजावून ठेवलं होतं की आता इस्पितळाची पायरी चढलीस तर रोग उलटून छातीत शिरेल. रस्ता ओलांडला की इस्पितळ, पण ताई रुग्णनिवासातलं अंथरूण सोडेना.

भाचीने वाद घातला नाही. ती शाळेच्या प्रयोगशाळेतून झाकणाच्या दोन काचेच्या डब्या घेऊन आली. तळाशी जेलीसारखा थर होता, जंतू वाढवून बघायचा. तडक बाबासमोर जाऊन वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "बाबा, यात एक फुंकर घाला. आई नेऊन डॉक्टरांना दाखवील. त्यांनाही कळू दे तुमचं तेज."

बाबा फुलला. गाल फुगवून त्याने डबीत अशी फुंकर मारली की समोरच्याने तोंड पुसलं. दुसरी डबी भाचीने तेवढाच वेळ नुसती उघडी धरून झाकली. बाबाने ताईला निरोप धाडला: जा माई, आमची आज्ञा आहे, दाखव त्यांना.

आज्ञा म्हटल्यावर ताई उठली. त्याच्या गर्वानेच तिला वाचवलं.

सोनोग्राफीत दिसलं की नळीभोवती शिरेत रक्ताची गुठळी धरली आहे. डॉक्टरबाईंनी तपासणीला रक्त घेतलं, नळी काढली, जंतू मारायचं आणि गुठळी वाढू न देणारं अशी दोन्ही औषधं लगेच सुरू केली. मग ताईच्या खाटेवर टेकून त्या म्हणाल्या, "शिरेत नळी असली की गुठळी एरवीही धरू शकते. पण जंतू शिरले तर ते नळीवर बुळबुळीत थर करून राहतात. त्यांना धरायला आपल्या पांढऱ्या पेशी धावतात आणि स्वतःच्याच धाग्यांचं जाळं फेकतात. त्या जाळ्यात जंतू अडकतात, तसं रक्तही अडकून गोठतं. ताई, रोग हातात उतरलेला नाही. तुमचं शरीर नव्या घाणीशी लढतंय. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावरच बेतलं असतं." ताईने डोळे मिटून घेतले.

बाबाच्या डबीतला नमुनाही इस्पितळाच्या प्रयोगशाळेत दिला होता. पुढे दोन्हींचे अहवाल आले. ताईच्या रक्तात जो जंतू होता, तोच बाबाच्या डबीतही होता.

भाचीने दोन्ही डब्या हॉलमध्ये नेल्या. नुसत्या उघडलेल्या डबीत दोनचार ठिपके होते. फुंकरीच्या डबीत पिवळट, करडी, ओलसर साय दाटली होती, नासक्या पूसारखी. पुढची माणसं नाक धरून मागे सरली.

बाबा डगमगला नाही. "बघा, बघा. हाच तो रोग. आम्ही ओढून बाहेर काढलेला."

"डबीला कुठला रोग होता, बाबा?" भाचीने विचारलं.

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेजारी बसलेल्या लेकाचा सुजलेला हात हळूच आपल्या मांडीवर घेतला. "म्हणजे हे... तुम्ही घातलंत?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता लेकाला उठवून रस्ता ओलांडू लागला. त्याच्यामागे एकेक जण उठला. बाबाला तंबाखू थुंकायला जागा सापडेना.

ताईच्या दुसऱ्या दंडात आता नवी नळी आहे. परवा मी देवाचं नाव घेत तिच्या दंडाला हात लावायला गेलो, तर तिने माझं मनगटच धरलं.

"आधी साबण," ताई म्हणाली.

मंडळी, देवापुढे हात जरूर जोडा. मीही जोडतो. पण नळीला लागणारा हात धुतलेला हवा, पट्टी नर्सनेच उघडायची, आणि दंड सुजला किंवा थंडी वाजून ताप आला तर फुंकर शोधायची नाही, दवाखाना गाठायचा. देव त्याने रागावत नाही.