न घेतलेलं माप

मी एक जुना पुतळा आहे. चौकात घोड्यावर बसून तलवार उपसलेला नव्हे, मित्रांनो; शिंप्याच्या दुकानातला. मला डोकं नाही, हात नाहीत आणि कमरेखाली लाकडाची एकच तंगडी आहे. डोकं नाही म्हणून माझ्याकडून कुणी शहाणपणाची अपेक्षा करत नाही, हे एका परीने बरंच झालं. डोळ्यांवाचून मला दिसतं कसं, हे मात्र विचारू नका. दिसतं.

कागदाच्या लगद्यातून माझं अंग घडलं. त्यावर कापसाचा थर आणि वरून ताणून शिवलेलं जाड कापड. मी नावाने पुतळा आणि बांध्याने बाई. त्याबद्दल मला जन्मात कुणी जाब विचारला नाही. टाचणीला मात्र अख्ख्या गल्लीने विचारला. मला तिचीच गोष्ट सांगायची आहे. माझी त्यातच आली.

मला विकत आणलं मास्तरांनी. ते बायकांचे कपडे शिवायचे. हातात जादू आणि नाकावर राग! गिऱ्हाईक आलं की गळ्यातली टेप काढून म्हणायचे, "हात बाजूला करा. श्वास सोडा." मग त्या मापाप्रमाणे माझ्या अंगावर कापूस नि चिंध्या बांधायचे, कुणाचं पोट, कुणाचे खांदे. सकाळी मी नवरी असे, तर दुपारी शाळेची मुख्याध्यापिका. काय तोरा होता तेव्हा माझा! बायका म्हणायच्या, "मास्तर, पुतळ्यावर दिसतो तसा आमच्या अंगावर का नाही हो दिसत?" मी फुलून जायचो. कापसाने का होईना, पण फुलायचो.

टाचणी हे मास्तरांचं एकुलतं एक लेकरू. लोहचुंबक घेऊन जमिनीवरच्या टाचण्या वेचायची, म्हणून मास्तरांनीच तिला लाडाने टाचणी म्हणायला सुरुवात केली. सगळे तिला मुलगा समजत आणि कपडेही मुलाचेच घालत. दुकानात कुणी नसलं की ती स्टूल ओढून माझ्यामागे चढायची, माझ्या मानेवर हनुवटी टेकवायची आणि दोन्ही बाजूंनी हात पुढे काढायची. मग मला डोकं यायचं, हात यायचे. समोरच्या काचेत बघून ती म्हणायची, "बघ, कशी दिसतेय मी!" काकू, म्हणजे तिची आई, काजं करता करता हसायच्या आणि उठून दुकानाचा पडदा ओढून घ्यायच्या.

ती मोठी झाली. एका दुपारी मास्तरांसमोर गिऱ्हाईकासारखी हात बाजूला करून उभी राहिली. "बाबा, मी मुलगी आहे. पहिल्यापासूनच आहे. माझ्या मापाचा एक ड्रेस शिवाल?"

मास्तरांचा हात टेपेकडे गेला. खरंच गेला, मी पाहिलं. तेवढ्यात समोरचा इस्त्रीवाला दारात डोकावला आणि हात तिथेच थांबला.

"असली थेरं माझ्या दुकानात चालणार नाहीत!" मास्तर ओरडले. "नीघ. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

"माप तरी घ्या, बाबा."

हात भरून येईपर्यंत ती तशीच उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे पाठ करून मशीन चालवायला घेतलं. सुईत दोराच नव्हता.

पुढचं मला कळलं ते काकूंमुळे. कपडे बदलायच्या पडद्याआड उभ्या राहून त्या हळू आवाजात टाचणीला फोन करायच्या. तिला कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं. नवा कपडा नीट बसतो का ते बघण्यासाठी दिवसभर तो अंगावर चढवून उभं राहायचं. म्हणजे माझंच काम की! मला भारी अभिमान वाटला. तिथून मासिकांत फोटो, मग जाहिराती, मग नाटकं. आधी तिला नुसतं हसं करून घ्यायच्या भूमिका देत. तिने त्याही केल्या. पोट कुणाला चुकलंय? शेवटी एका चित्रपटात तिला नर्सचं काम मिळालं. साधी, कामसू नर्स. "आई, कुणी हसलं नाही गं," एवढंच बोलून ती फोनवर रडली. इकडे काकूंनी पडद्यालाच नाक पुसलं.

मास्तरांना सगळं ऐकू यायचं. तो पडदा होता, भिंत नव्हे. पण ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एकदा एक गिऱ्हाईक मासिक घेऊन आली. "मास्तर, अगदी अस्साच शिवा. बघा ना कशी दिसते ही, नाहीतर आम्ही!" फोटो टाचणीचा होता. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "देखणी आहे," म्हणाले, आणि नमुन्याला म्हणून ते पान ठेवून घेतलं.

त्या नर्सच्या कामासाठी टाचणीला बक्षीस जाहीर झालं, तेव्हा मास्तरांनी कपाटाच्या तळातून निळं रेशीम काढलं. मासिकातलं ते पान माझ्यासमोर टाचलं आणि फोटो बघून बघून माझ्यावर कापूस बांधायला लागले.

"अहो, फोन करून विचारा ना माप," काकू म्हणाल्या. "जीभ झिजणार आहे का?"

"सारा जन्म मापं घेण्यात गेला माझा. पोटच्या पोरीचं माप परक्यासारखं विचारू?"

पोरीचं! काकूंच्या हातातलं बटण खाली पडलं. तो शब्द तेव्हाच्या तेव्हा टाचणीला ऐकवायला हवा होता. फोन टेबलावरच होता. पण काकूंना वाटलं, ती येईल तेव्हा मास्तर स्वतःच सांगतील. मास्तरांना तर आपल्या मापाची इतकी खात्री की शिवणीत उसवून वाढवण्यापुरती माया सोडायचीही गरज वाटली नाही. गाऊनला शेवटचा हूक लावला आणि त्याच आठवड्यात छातीत कळ येऊन ते गेले.

टाचणी आली ती त्यांना पोचवायला. सगळं आटोपल्यावर दुकानात आली. माझ्या अंगावरच्या गाऊनकडे बघून म्हणाली, "हा कुणाचा?"

"तुझा," काकू म्हणाल्या. "पोरीचा आहे म्हणाले."

ती पडद्याआड जाऊन घालून आली. समोरून काय दिसत होती, वा! मागे मात्र हूक लागेनात. चार बोटं अंतर राहत होतं.

"फोटोवरून माप घेतलं गं त्यांनी."

टाचणी आधी हसली. "अगं आई, फोटोत मी श्वास रोखून उभी असते! मागून चिमटे लावून आवळलेली असते. वर उरलीसुरली कंबर कॉम्प्युटरवर कापतात." मग मास्तरांची टेप हातात घेऊन ती मटकन खाली बसली. "बाबा, तुम्हीच म्हणायचात ना हो, श्वास सोडा म्हणून?" आणि ती जी रडायला लागली, ती काकूंना आवरेना.

बक्षीस घ्यायला ती तोच गाऊन घालून गेली. मागे काकूंनी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. मंचावरून परतताना ती पाठ न फिरवता उलट पावली चालत आली. लोक म्हणाले, केवढा हा विनय! कुणीतरी विचारलं, गाऊन कुणी शिवला? "माझ्या बाबांनी," ती म्हणाली. काकूंनी हे सगळं मला येऊन सांगितलं. त्यांना तरी आता बोलायला दुसरं कोण होतं?

हल्ली आम्ही दोघंही टाचणीच्या घरी असतो, काकू आणि मी. माझ्या अंगावर अजून तेच चुकलेलं माप बांधलेलं आहे. कापूस पिवळा पडला, पण ती सोडू देत नाही.

मित्रांनो, एरवी मी म्हटलं असतं, जुन्या वस्तूंना जपा, त्यांच्यावरची धूळ झटका. तेही कराच. पण घरातलं कुणी तुमच्यासमोर हात बाजूला करून उभं राहिलं, तर दाराकडे बघू नका. मास्तरांची टेप आता माझ्या गळ्यात असते. टाचणी कधीकधी येऊन माझ्यासमोर तशीच उभी राहते. पण मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.