हौसाबाईचं तिसरं मूल

"वहिनी, एक बात पक्की करा," हरिदास वकील म्हणाले. "उद्या छाननीत विचारतील, मुलं किती. तुम्ही म्हणायचं, दोन. बस. पुढे एक अक्षर नाही."

"दोनच तर आहेत," हौसाबाई म्हणाली आणि मळून झालेली कणीक तिने पुन्हा मळायला घेतली.

हरिदास लांबच्या नात्यातले. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, दिल्लीतच वकील झाले. गुडगावच्या पुढे, नाहरखेड्याच्या या फौजी गल्लीत ते यायचे ते पुरणपोळीला किंवा अडचणीला. आज अडचण होती.

अडचण कायद्याची होती. हरियाणात त्या वेळी पंचायतीला उभं राहायचं तर हयात मुलं दोनच लागत. हा नियम आल्यावर वर्षाभराच्या पुढे ज्याच्या घरी तिसरं जन्मलं, त्याचा अर्ज बाद. हौसाबाईची दोन थोरली कधीच मोठी होऊन नोकरीला लागली होती. पण समोरच्या उमेदवारणीचा नवरा सतबीर गावभर सांगत सुटला होता, की मराठणीला तिसरी पोरगी आहे आणि ती जावेच्या घरात लपवलेली आहे.

लपवलेलं काही नव्हतं. मधलं दार उघडं असायचं. हौसाबाईचे यजमान हिंमतराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी आणि धाकटा भाऊ सूर्यकांतने मिळून इथे जागा घेतली, दोन बिऱ्हाडं एका भिंतीला टेकवून बांधली. सूर्यकांत सरकारी खात्यात. त्याची बायको अलकनंदा. अलकनंदाची कूस तीनदा भरली आणि तीनदा रिकामी झाली. तिसऱ्या खेपेनंतर ती नुसती भिंतीकडे बघत बसायची. त्याच वर्षी, मुलं हाताशी आलेल्या वयात, हौसाबाईला दिवस गेले. लाज वाटायच्या वयात. सातव्या महिन्यात तिने जावेचा हात आपल्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "हे तुझं."

आणि बाराव्या दिवशी, त्यांच्या गावाकडे करतात तसं, तिने केलं. अलकनंदाला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, तिच्या पदरात नारळ आणि तांदूळ घातले आणि त्या तांदळावर मूल ठेवलं. ज्या बाईने ओटीत घातलं तिने मग उठायचं, मागे न बघता आपल्या चुलीपाशी जायचं, आणि त्या मुलाला पुन्हा कधी 'माझं' म्हणायचं नाही. हौसाबाई उठली. दूध भरून आलेली छाती तिने फडक्याने घट्ट बांधून घेतली आणि भाकऱ्या थापल्या. थापता थापता तिच्या ओठांवर काहीतरी आलं, बायकांच्या ओठांवर येतं तसं:

जावेच्या ओटीमंदी ठेविला मी माझा दिवा
उजेड तिच्या घरी, मला कशापायी हेवा

दिव्याचं नाव चेतना. आता नऊ वर्षांची. अलकनंदाला आई म्हणायची, हौसाबाईला मोठी आई.

"आणि दत्तक दिली म्हणून सांगितलं तर?" अलकनंदाने विचारलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"ते दार वरच्या कोर्टाने बंद केलंय, भाभी. दिलं तरी मोजायचं जन्म देणारीच्याच नावावर. लोकांनी निवडणुकीसाठी मुलं देऊन टाकायला सुरुवात केली होती ना."

"आम्ही निवडणुकीसाठी नाही दिली," हौसाबाई म्हणाली.

"मला माहीतये. कायद्याला नाही माहीत." हरिदासांनी चहाचा कप खाली ठेवला. "जन्म कुठे झाला?"

"इथेच. भरपाई नावाच्या दाईच्या हातून. ती गेल्या थंडीत वारली."

"फिर डर कैसा? साक्षीदार नाही, शाळेत आईचं नाव अलकनंदा. सतबीरजवळ नुसत्या गप्पा आहेत. फक्त एक करा, मुलीला तिकडे आणू नका."

हौसाबाई उभी राहिली होती ती हौसेने नाही. गल्लीच्या तोंडाशी बिल्डरचे मनोरे उठत होते. काच लावलेले, रात्रंदिवस दिवे जळणारे. त्याला गल्लीचा एकुलता एक रस्ता आपल्या भिंतीच्या आत घ्यायचा होता. गेल्या उन्हाळ्यात त्याने पत्रे ठोकून रस्ता अडवला, तेव्हा शेजारच्या इंदुमतीला कळा येत असताना खाटेवर घालून नाल्यातून न्यावं लागलं होतं. खाटेचा एक पाय हौसाबाईने धरला होता. नाल्याच्या मधोमध इंदुमती ओरडायची थांबली. बाळ राहिलं नाही.

पत्रे निघाले, पण रस्ता गावकीच्या जमिनीतला, आणि तो द्यायचा की नाही हे नवी पंचायत ठरवणार होती. निम्मे पंच बिल्डरच्या बाजूचे, निम्मे विरोधात. फौजी गल्लीचा पंच जिकडे, तिकडे रस्ता. जागा बायकांसाठी राखीव. सतबीरने बायकोला उभं केलं होतं, आणि तो बिल्डरला वाळू पुरवायचा. गल्लीच्या बाजूने एकट्या हौसाबाईचा अर्ज होता आणि नवा अर्ज भरायची मुदत उलटून गेली होती. तिचा अर्ज गेला की रस्ता गेला, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सकाळी निघताना अलकनंदाने चेतनाला वेणी घातली, शाळेचा इस्त्रीचा ड्रेस घातला.

"हरिदासभाऊजी नको म्हणाले ना," हौसाबाई म्हणाली.

"नको काय? माझ्या मांडीला मांडी लावून बसू दे तिला. बघणाऱ्याला दिसेल की कोण कोणाची. आमच्यात काय चोरी आहे का?"

हौसाबाईला ते पटलं. गावाकडे असंच करायचे. वाद झाला की माणूसच समोर उभं करायचं. बोलण्यापेक्षा माणूस खरा. तिने चेतनाच्या रिबिनीचा फुगा नीट केला आणि तिघी जीपमध्ये बसल्या.

छाननी ब्लॉकच्या कचेरीत होती. पंखा होता, वीज नव्हती. अधिकारी चष्म्यातला, थकलेला, रुमालाने मान पुसत एकेक अर्ज पुढे ओढत होता. हौसाबाईचं नाव आलं तसा सतबीर उठला.

"साहब, इसके तीन बच्चे हैं. तीसरी यो बैठी," त्याने चेतनाकडे बोट केलं. "गाँव का बच्चा-बच्चा जानता है."

"बच्चे-बच्चे को गवाही में बुलाऊँ?" अधिकारी म्हणाला. मागे कुणीतरी हसलं. "सबूत क्या है?"

"दाई थी जी. मर गई."

"तो उसे भी बुलाऊँ?"

हरिदास उठले, दोन वाक्यं बोलले. शाळेत आई म्हणून कुणाचं नाव आहे, मुलगी कोणत्या घरात राहते. अधिकाऱ्याने चेतनाला जवळ बोलावलं. "बेटा, मम्मी कौन है?"

चेतनाने जरा चकित होऊन अलकनंदाकडे बघितलं, की हे काय विचारणं झालं. "ये," ती म्हणाली.

"हवा की बात पर मैं पर्चा खारिज नहीं करूँगा," अधिकाऱ्याने पेन उचललं.

हौसाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला रस्ता दिसला. रुंद, मोकळा, त्यावरून दुधाची सायकल चाललेली.

तेव्हा मागच्या बाकावरून सतबीरची आई उठली. ऐंशीला टेकलेली म्हातारी, डोक्यावरून ओढणी पुढे ओढलेली. सगळं गाव तिला दादी म्हणायचं. ती काठी टेकत पुढे आली आणि आधी तिने मुलालाच झापलं.

"तू बैठ ज्या. कागद-कागद लगा रख्या है." मग हौसाबाईकडे वळली. आवाजात वैर नव्हतं, आणि तेच वाईट होतं. "देख बहू, न तेरे पास कागद, न मेरे छोरे के पास. तू छोरी के सिर पै हाथ धर के कह दे, कि या मेरे पेट की ना है. बस. मैं इसका कान पकड़ के घर ले ज्याऊँगी."

"अम्मा, कानून में ऐसी कसम नहीं होती," अधिकारी म्हणाला.

"कानून में ना हो. म्हारे में होती है. छोरा अपना एतराज उठा लेगा. क्यूँ रे?"

सतबीरने आईकडे बघितलं. मग सगळ्या खोलीच्या नजरा अंगावर आल्या तशी त्याने मान हलवली. "उठा लूँगा."

हरिदास कानाशी कुजबुजले, "वहिनी, ठेवा हात. दोन सेकंदांचं काम. फिनिश."

चेतना समोर उभी होती. मधोमध सरळ भांग, आज सकाळीच पाडलेला. हौसाबाईला नाला दिसला, खाट दिसली, इंदुमतीचा लोंबकळणारा हात दिसला. शब्द काही नवे नव्हते. ही माझी नाही. तेच तर ती बारशाच्या दिवसापासून म्हणत आली होती, दुकानात, शाळेत, देवापुढे. पण लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं, तर ते त्या लेकरावर उतरतं. तिच्या आईने हे सांगितलं होतं, आईच्या आईने सांगितलं होतं. तिने हात उचलायचा म्हटलं. हात मांडीवरून उठेना.

"बोल बहू," दादी म्हणाली.

"थांबा," अलकनंदा उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "माँ मैं हूँ. कसम मैं खाऊँगी."

दादीने तिला वरून खाली न्याहाळलं. "चल, तू खा. कह, मेरे पेट की जाई है."

"हाँ, मेरे पेट की," अलकनंदा म्हणाली, जराही न अडखळता, आणि तिने हात उचलला.

हौसाबाई कशी उठली ते तिला कळलं नाही. बाक मागे पडल्याचा आवाज झाला. अलकनंदाचा हात चेतनाच्या केसांना टेकायच्या आत तिने मनगट पकडलं, बांगडी पिचेल इतकं घट्ट.

"नको," ती मराठीत किंचाळली. "तिच्या डोक्यावर नको!"

खोलीत त्यांच्याखेरीज कुणाला मराठी येत नव्हतं. यायची गरज नव्हती.

दादीने डोळे मिटले. "हे राम," ती पुटपुटली आणि काठी टेकत आपल्या जागेवर गेली. तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

अधिकाऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कितने बच्चे हैं आपके?"

"साहेब, पर्चा वापस लेती हूँ. काही लिहू नका. आपके पाँव पड़ती हूँ, लड़की का नाम मत लिखो."

"वापसी का दिन आज नहीं है. आज मुझे मंज़ूर या खारिज लिखना है, और वजह लिखनी है." त्याने पेन खाली ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आप बता दीजिए. नाम नहीं लिखूँगा."

"तीन," हौसाबाई म्हणाली.

तिघी परत जीपमध्ये बसल्या. हरिदास पुढे बसले होते आणि काचेतून मनोऱ्यांकडे बघत होते. गल्लीचं तोंड आलं तेव्हा अलकनंदा बोलली. आवाज मीठ मागितल्यासारखा साधा होता.

"माझा हात का धरलास?"

"अगं, खोटी शपथ. पोरीच्या डोक्यावर."

"खोटी कशी?"

हौसाबाईने तिच्याकडे बघितलं.

"मला खोटी वाटली नाही," अलकनंदा म्हणाली. "मी मनात तपासून बघितलं आणि मग हात उचलला. माझी होती ती. नऊ वर्षांत एक दिवस मला आठवलं नाही की ती माझ्या पोटची नाही. तुला आठवत होतं. रोज आठवत होतं, हो ना? तू दिलीच नव्हतीस. नुसती ठेवायला दिली होतीस."

"अलके, असं नको गं बोलू. रस्ता गेला माझ्या हातून, आता तू..."

"रस्ता गेला चुलीत."

चेतना दोघींच्या मध्ये बसली होती. तिने दोघींच्या पदराला न लागता अंग आवळून घेतलं होतं.

संध्याकाळी गल्लीतले लोक येऊन गेले. कुणी हौसाबाईला बोल लावला नाही. इंदुमतीने तर तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तोच तिला सोसवला नाही. हिंमतराव निवृत्तीनंतर धरलेल्या पहारेकऱ्याच्या ड्यूटीचा गणवेश न उतरवता ओट्यावर बसून राहिले. रस्त्याच्या कडेला बिल्डरची माणसं येऊन दोरी लावून चुना टाकून गेली होती. पांढरी रेघ सरळ, लांब, कुणाच्या घराकडे न बघता गेलेली.

चेतना मधल्या दारात आली. आत नाही, उंबऱ्यावर.

"मोठी आई, आईचा हात टेकला असता तर मी मेले असते?"

"नाही गं बाळा. तसं काही नसतं."

"मग तू धरला का?"

हौसाबाईने तोंड उघडलं. खरं सांगावं तर अलकनंदाची पोर तिने दुसऱ्यांदा काढून घेतली असती. खोटं सांगावं तर आता तिला जमत नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली. तिने उलटली नाही.

चेतना वाट बघत उभी राहिली. मग ती उंबऱ्यावरच खाली बसली, पाय कुठल्याच घरात न सोडता, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून.

पलीकडे ताट मांडल्याचा आवाज आला आणि थांबला. अलीकडे हौसाबाईने ताटात भाकरी वाढली आणि ताट हातात धरून उभी राहिली. एरवी या वेळेला अलकनंदाची हाक भिंतीतून येई, "चेतू, चल, गार होतंय!" आज अलकनंदा पलीकडे थांबली होती, की आता हाक मारायचा हक्क हौसाबाईचा. हौसाबाई अलीकडे थांबली होती, की हाक अलकनंदाने मारावी, देवा, एकदा तरी मारावी.

अंधार पडला. भूक लागली होती, हे पोरीच्या पाठीवरूनही दिसत होतं. तिला जेवायला कुणी हाक मारली नाही.