उजेडातली झोप

"पटणार नाही तुम्हाला, आणि पटलं तर माझं नाव बदला," असं म्हटल्याशिवाय ड्रायव्हरची गोष्ट सुरू होत नसे. सलूनमधली कात्री तेवढ्यापुरती थांबायची. बाकड्यावरचे नंबर लावून बसलेले लोक पेपर खाली करायचे.

"घाटात ब्रेक गेला. गाडीत भरल्यात कापसाच्या गाद्या. क्लीनरला म्हटलं, घाबरू नको, एकेक गादी काढ आणि पुढच्या चाकाखाली सरकव. वळण आलं की गादी, वळण आलं की गादी. शेवटची गादी संपली आणि गाडी बरोबर पायथ्याच्या हॉटेलसमोर उभी. मालक विचारतो, माल कुठाय? म्हटलं, शेठ, घाटभर अंथरलाय. उशी घ्या आणि झोपायला जा!"

बाकडं हसायचं. न्हावीही हसायचा, पण आरशातल्या ड्रायव्हरकडे बघत. ही गोष्ट त्याने गाद्यांसकट ऐकली होती, तशीच कांद्याच्या पोत्यांसकट आणि एकदा तर जिवंत मेंढरांसकटही ऐकली होती. मेंढरं नंतर चालत घरी गेली म्हणे.

एकच गोष्ट ड्रायव्हर कधी सांगत नसे. उभा जन्म त्याने ट्रक हाकला, गाडीला ओरखडा म्हणून येऊ दिला नाही, आणि पडला तो उभ्या गाडीवरून. टपावर चढून ताडपत्री बांधत होता. दोरी तुटली आणि तो पाठीवर आपटला. यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं, मग सांगायचं काय? तेव्हापासून कमरेखाली त्याचं कोणी उरलं नव्हतं. पाय होते, पण शेजाऱ्याचे असावेत तसे. चटका बसला तरी कळायचं नाही. डोळ्यांनी बघितलं तरच कळायचं.

बहीण म्हणाली होती, "दादा, एक चांगली संस्था आहे. तिथे राहा. माणसं असतात, वेळेवर सगळं होतं." त्याने नाही म्हटलं. खोली आपली, खिडकी आपली, कुलूप आपलं. एवढ्यासाठी तो बराच भांडला, आणि घरी येऊन मदत करणारी माणसं त्याला मिळाली. सकाळी एक बाई यायच्या. अंघोळ घालून, कपडे चढवून, विजेच्या खुर्चीत बसवून जायच्या. मग खुर्ची रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये. दुपारपर्यंत गोष्टी. जेवायला परत. आणि मग संध्याकाळी पाचला येणारा पाचवाला.

पाचवाला पोरगेला होता, स्वभावाने वाईट नव्हता. त्याच्या फेरीत पाच-सहा घरं, आणि ड्रायव्हरचं घर बसस्टॉपला लागून. म्हणून पहिला नंबर ड्रायव्हरचा. बाहेर लख्ख ऊन असायचं. "चला काका, गुड नाइट," म्हणत तो आत यायचा. खुर्ची आणि पलंगाच्या मधे फळी सरकवून, काखेत हात घालून ड्रायव्हरला पलंगावर घ्यायचा. लघवीची पिशवी बदलायचा, उशाशी नळी लावलेली पाण्याची बाटली ठेवायचा, डोळ्यांवर उजेड नको म्हणून पडदा ओढायचा. खुर्ची चार्जिंगला बाहेरच्या बोळात, कारण तेवढ्या ताकदीचा प्लग तिथेच होता. दार ओढल्याचा आवाज यायचा.

"खुर्चीही चार्जिंगला, काकाही चार्जिंगला," हा त्याचा रोजचा विनोद. ड्रायव्हर रोज हसायचा. न हसणं म्हणजे काहीतरी बोलणं झालं असतं.

मग तो पडून राहायचा. पडद्याच्या कडेने उजेडाची एक पट्टी आत यायची. आधी कपाटावर, मग कॅलेंडरवर, मग पंख्याच्या पात्याशी, मग कुठेच नाही. बाहेर पोरं खेळत असायची. बऱ्याच वेळाने त्यांच्या आया त्यांना हाका मारायच्या, आणि पोरं ओरडायची, "थांब गं, एवढ्यात नाही!" पोरांच्या आधी झोपवला जाणारा त्या रस्त्यावर तो एकटाच.

ज्याने दिवसा झोपून रात्रभर गाडी हाकली, त्याला ऐन गाडी काढायच्या वेळी झोप कुठून येणार? तो मनातल्या मनात गाडी काढायचा. किल्ली फिरवायचा, आरसा बघायचा, दिवे लावायचा. पण क्लचशी अडायचं. डावा पाय मनातही हलत नसे. गाडी घरघरत जागच्या जागी उभी. त्याला वाटायचं, आता आपल्याला राग यायला हवा. तो वाट बघायचा. राग काही यायचा नाही. बधिरपणा कमरेपर्यंतच थांबलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांनी परत एकदा मोजायला हवा होता.

आणि सकाळी सलूनमध्ये न्हावी विचारायचा, "काय रे, काल संध्याकाळी काय केलंस?"

"काल? चौकात, मोठ्या झाडाखाली पत्त्यांचा डाव. सगळ्यांना लंगोटीवर आणलं."

"वा," न्हावी म्हणायचा आणि फेसाचा ब्रश फिरवायला लागायचा. अलीकडे तर झाडाचं नाव निघालं की तो जरा जास्तच वेळ फेस फिरवायचा.

खरी गोम अशी, की हे पाच वाजता झोपणं ड्रायव्हरने स्वतःच्याच जिभेने ओढवून घेतलं होतं. गेल्या वर्षी या घरच्या मदतीवर देखरेख करणाऱ्या ताई आल्या होत्या. कोणाला काय मदत लागते, हे वर्षातून एकदा स्वतः येऊन विचारणं हे त्यांचं काम. बाई सरळ होत्या, ऐकलेलं खरं मानणाऱ्या. त्यांनी विचारलं, "काका, रात्री पलंगावर कसे जाता? उशिराच्या फेरीत नाव घालू का?"

समोर बहीणही बसली होती. तोंडावर 'मी म्हटलं नव्हतं?' असं लिहिलेलं. अडचण सांगावी तर ती संस्थेचं घोडं पुढे दामटणार. ड्रायव्हरने छाती काढली.

"पटणार नाही तुम्हाला, ताई. वरच्या कडीला एक हात घातला की मी झोका घेऊन थेट गादीत. पाय मागून येतात, बैलगाडीच्या मागून कुत्रं येतं तसे. कधी बारा वाजता घरी येतो, कधी एक. माझं काय, मी राजा माणूस!"

ताई हसल्या. त्यांना पटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला पटलं, आणि तेही नेमकं तेव्हाच. उशिराच्या फेरीतली जागा वरच्या आळीतल्या, दृष्टी नसलेल्या गायिकाबाईंना गेली. ड्रायव्हरच्या वाट्याला संध्याकाळचं फक्त 'वरवर बघून जाणं' आलं. पण कडी कुठली आणि झोका कुठला? पाचवाल्याने बघितलं, म्हातारा एक इंच हलत नाही. मग उचलून पलंगावर टाकायचं तर आत्ताच, पुढची घरं खोळंबलीत. त्याने वर कळवलं नाही. ड्रायव्हरनेही नाही.

आता वर्ष फिरून आलं होतं. ड्रायव्हर सलूनमध्ये, गळ्याभोवती फडकं, अर्धा गाल फेसात. दारात ताई उभ्या.

"खोलीला कुलूप दिसलं, म्हटलं इथेच असणार. काका, पाच मिनिटं बोलू? की घरी येऊ नंतर?"

"बोला की इथेच. इथे कोणापासून काय लपवायचंय?" ड्रायव्हर म्हणाला. बाकड्यावरच्या एका गिऱ्हाइकाने उठून ताईंना जागा दिली.

"गायिकाबाई मुलीकडे राहायला गेल्या. उशिराच्या फेरीत एक जागा झालीय. ती कोणाला द्यायची, ते आज संध्याकाळी ठरेल. म्हणून सगळ्यांना विचारत फिरतेय."

"द्या कोणा गरजवंताला."

"तेच विचारतेय ना. गरजवंत कोण, हे मी ठरवायचं नाही. कधी उठायचं, कधी झोपायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. हक्क आहे तो. आम्ही मेहेरबानी करत नाही. फक्त तोंडाने सांगावं लागतं, काका. तुमच्या वतीने मी सांगू शकत नाही, आणि तुमच्या बहिणीनेही सांगून चालत नाही."

"आणि एखाद्याने सांगितलं, की जमत नाही म्हणून? मग त्याला उचलून संस्थेत?"

"कोण म्हणालं असं? जमत नाही म्हणून तर मदत. घर सोडायचा काय संबंध?"

न्हाव्याने वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला. ड्रायव्हरने आरशात बघितलं. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा स्वतःचा. वाक्य तयार होतं. 'मला उन्हात झोपवतात.' एवढंसं, टाचणीसारखं. त्याला पुढे नाही, मागे नाही, गाद्या नाहीत, मेंढरं नाहीत. त्याने जिभेला हुकूम दिला. पायांना देतो तसाच दिला, आणि पाय बसतात तशीच जीभ बसून राहिली.

बाकडं वाट बघत होतं. पेपर खाली झाले होते. ती शांतता ड्रायव्हरच्या ओळखीची होती. अशा शांततेत त्याला एकच काम यायचं.

"पटणार नाही तुम्हाला, ताई," तो म्हणाला, आणि जीभ सुटली. "उशिराची फेरी मला काय करायचीय? उशिरापर्यंत मी घरी असतोच कुठे? कालचीच गोष्ट घ्या. दिवस मावळला तेव्हा मी चौकात, मोठ्या झाडाखाली. चार गडी, पत्ते पिसलेले. असा डाव जमला, की वरून पाखरं बघायला उतरली. एक कावळा तर माझ्या खांद्यावर बसून मला पानं सांगत होता. हुकूम आला की एकदा काव, राणी आली की दोनदा!"

कोणीतरी फसकन हसलं. ताईही हसल्या. "म्हणजे तुम्हाला नकोच म्हणायची," त्या म्हणाल्या आणि पर्स खांद्याला लावून उठायला लागल्या. "पलंगावर अजून तसेच जाता? झोका घेऊन?"

"झोका घेऊन," ड्रायव्हर म्हणाला. आतून काहीच वाटलं नाही. चटका बसत असताना बघत राहावं, तसं तो स्वतःकडे बघत होता.

"कुठल्या झाडाखाली रे?" न्हाव्याने विचारलं. वस्तरा ड्रायव्हरच्या गळ्याशी थांबला होता.

"चौकातल्या. मोठ्या. गावात दुसरं आहे काय?"

"कालच?"

"अरे, कालच म्हणतोय ना. पानं गळत होती, पत्त्यांवर पडत होती. पत्ता कुठला आणि पान कुठलं, कळेना."

न्हाव्याने वस्तरा बाजूला घेतला. फडक्याला पुसला. मिटला.

"ड्रायव्हर, ते झाड तोडून दीड महिना झाला. नुसतं बुंध्याचं बूड उरलंय, त्यावर भाजीवाली बसते."

ताई उठता उठता पुन्हा बसल्या. ड्रायव्हर आरशात बघत राहिला. चौक सलूनच्या मागच्या अंगाला, वळसा घालून गेलं की लगेच. एवढं मोठं झाड पडलं, आवाज झाला असेल, धूळ उडाली असेल.

"मला वाटायचं, बोलू दे बिचाऱ्याला, आपलं काय जातंय," न्हावी ताईंकडे वळून म्हणाला. "रोज विचारत होतो, रोज ऐकत होतो. माझं दुकान ह्याच्या खिडकीसमोर, ताई. बाहेर ऊन असतं आणि ह्याचा पडदा पडतो. पोरं माझ्या ओट्यावर खेळत असतात आणि हा आत झोपलेला. खोटं आहे सगळं. झोका खोटा, डाव खोटा, कावळा तर खोटाच. हा कुठे जात नाही. ह्याची खुर्ची पाचलाच बोळात लागते."

मग त्याने ड्रायव्हरच्या खुर्चीच्या हातावरचा दांडा वळवून ती ताईंच्या बाजूला फिरवली. अर्ध्या गालावरचा फेस एव्हाना वाळला होता.

"आता कावळ्याला मधे न आणता सांग लेका. तुला किती वाजता झोपायचंय?"