सांभाळणारं कोणी नाही

चांगूचे पुढचे दोन दात त्याच्या बापाने पाडले होते. एक पितळेच्या तांब्याने, दुसरा मुसळाने. डाव्या हाताची करंगळी दारात चेंगरून वाकडी झाली, तीही बापाचीच करणी. वाडीतली माणसं म्हणत, हैबती म्हातारा फिरला. फिरला म्हणजे कुठे गेला नव्हता. पोलादपूरच्या वर डोंगरात, बारा उंबऱ्यांच्या वाडीत, स्वतःच्या घरात बसून तो स्वतःच्या पोटच्या पोराला चोर समजत होता.

चांगू एकुलता एक. आई गेली त्या साली म्हाताऱ्याच्या डोक्यात बिघाड झाला, त्याला आता पाच वर्षं होत आली. सकाळी उठल्या उठल्या त्याला गरम भाकरी आणि चिमूटभर तंबाखू लागे. ती मिळाली की दुपारपर्यंत जरा शांत. मग धोतर बदला, गू काढा, आंघोळ घाला, आणि हे सगळं करताना मार खा. चांगू काही संत नव्हता. एकदा त्यानेही बापाला असा हाणला होता की म्हाताऱ्याच्या कानातून रक्त आलं. नंतर गोठ्यात जाऊन तो ओकला, आणि परत येऊन बापाचा कान धुतला.

एकतीस वर्षांचा झाला तरी लग्न नाही. दोन सोयरिकी आल्या, अंगणात बसलेला हैबती बघून पाणीही न पिता परत गेल्या. बिरवाडीला एका दोस्ताने कारखान्यातल्या ठेकेदाराकडे शब्द टाकला होता. ठेकेदार दिवाळीपर्यंत जागा राखतो म्हणाला होता, दोस्ताच्या भाड्याच्या खोलीत पथारीपुरती जागाही होती. फक्त बापाचं काय करायचं, एवढंच अडलं होतं.

उमरठच्या ठमाबाईने, म्हणजे हैबतीच्या सख्ख्या बहिणीने, भाच्याला साफ सांगितलं, "त्याला सरकारचा निराधारचा पगार चालू झाला तर आणून सोड. फुकाट मार खायला मी काय त्याची पोरगी हाय?"

म्हणून चांगू आबाजीकडे गेला. आबाजी ग्रामपंचायतीचा मेंबर, सरकारी कागदांतला जाणता. त्याने कपाळाला हात लावला.

"अरे, जाणता पोरगा घरात असला तर म्हातारा निराधार कसा?"

"मंग मी काय करू, आबाजी?"

"तू नायसच. अर्ज मी भरतो. तलाठी चौकशीला येल त्या दिवशी तू घरात नाय, वाडीत नाय. बापाला टाकून म्हमईला पळालास, पत्ता नाय. आनी ऐक, म्हाताऱ्याला आदल्या दिवसापासून आंघूळ घालू नको. चूल पेटवू नको. निराधार दिसाया पायजे."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही सरकारची तऱ्हा. पोराने टाकलेल्या बापाला पगार. पोराने सांभाळलेल्या बापाला ठेंगा, आणि त्या पोराला तर ठेंगाही नाही, कारण तो कुठल्या रकान्यातच नाही. ज्याने हा फॉर्म काढला त्याने आयुष्यात एकदा तरी कुणाचं धोतर बदललं असेल का, देव जाणे.

चौकशीच्या दिवशी उजाडायच्या आधीच चांगू माळ्यावर चढला. कोयती, विळे, कुऱ्हाड, घरातलं सगळं धारेचं त्याने बापाच्या हाताला लागू नये म्हणून तिथेच लपवलेलं होतं. त्या लोखंडात अंग चोरून तो पालथा पडला आणि फळ्यांच्या फटीतून खाली बघत राहिला.

हैबती आदल्या रात्रीपासून उपाशी होता. उजाडल्यावर त्याने चूल चाचपली, ती थंड. मग तो ओरडायला लागला, "भाकर दे रे चोरा! कुठं मेलास?" तासभर तो भिंतीवर डोकं आपटत हेच ओरडत होता. चांगूचे हात आपोआप भाकरी थापल्यासारखे हलत होते. एकदा तो उतरायला उठलाही, पण बिरवाडीची खोली डोळ्यांपुढे आली आणि परत पडला. एक दिवस, फक्त एक दिवस, असं तो स्वतःला सांगत राहिला.

दहाच्या सुमाराला माणसं आली. तरुण तलाठी, त्याच्याबरोबर काठी टेकीत आलेला दांडगा कोतवाल, आणि पंच म्हणून आबाजी. तलाठी महाडकडचा, बोलायला मऊ. उकिडवा बसून त्याने विचारलं,

"आजोबा, घरात कोण कोण असतं?"

"चोर," हैबती म्हणाला.

"चोर?"

"एक चोर हाय. रोज आंघूळ घालतो. भाकर देतो. आज नाय दिली."

आबाजी घाईघाईने हसला. "भ्रमिष्ट हाय, भाऊसाहेब. मनात येल ते बोलतो."

तलाठ्याने मान हलवली आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, "मुलगा घर सोडून गेलेला. अर्जदाराची देखभाल करणारे कोणीही नाही." मग घरात खायला काय आहे ते बघावं म्हणून तो उठला आणि चुलीजवळच्या भाकरीच्या टोपलीवरचं झाकण त्याने उचललं.

उपाशी माणसाच्या टोपलीला हात लावला त्याने. हैबतीने दाराचा अडसर उपसला आणि कोणी बघायच्या आत तलाठ्याच्या डोक्यात घातला. कपाळ फुटलं, कागदांवर रक्त सांडलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. कोतवाल धावला, त्याने अडसर हिसकून लांब फेकला आणि आपली काठी म्हाताऱ्याच्या पाठीत घातली.

खरं सांगायचं तर पहिली काठी बसली तेव्हा चांगूला बरं वाटलं. आपल्या दोन दातांचं कोणीतरी उट्टं काढतंय असं वाटलं. दुसरीलाही वाटलं. तिसऱ्या काठीला हैबती चुलीवर पडला, त्याचं तोंड राखेने भरलं आणि त्याने आईला हाक मारली, पोराने मारावी तशी. कोतवालाने चौथी काठी उगारली. आता थांबेल असं चांगूला वाटलं होतं. तो थांबला नाही. पाचवी गुडघ्यावर बसली आणि हाड वाजलं.

चांगू शिडीने उतरला नाही, उडीच घेतली त्याने. हातात कुऱ्हाड होती. तिच्या बोथट बाजूने त्याने कोतवालाच्या कोपरावर असा तडाखा दिला की तो हात तिथून उलटाच वळला. कोतवाल गुरासारखा ओरडत खाली बसला. चांगूने कुऱ्हाड हातात फिरवली, धार पुढे आली. पुढचा घाव मानेवर पडला असता. पण आबाजीने मागून मिठी घातली, आणि त्याच वेळी खालून हैबतीने चांगूच्या पोटरीत उरलेसुरले दात रोवले. ज्याच्यासाठी धावला त्यानेच फाडला.

पोटरीतून रक्त वाहत होतं. चांगू खाली बसला, बापाचं नाक त्याने दोन बोटांनी दाबलं, तोंड उघडेपर्यंत थांबला आणि पाय सोडवून घेतला. मग बापाच्या तोंडातली राख बोटाने काढली. सवयीचंच काम होतं, त्याला विचार करावा लागला नाही.

कपाळाला रुमाल दाबून तलाठी बघत होता. "हा कोण?"

"शेजारी," आबाजी म्हणाला. "आवाज ऐकून आला."

तलाठ्याने वर माळ्याकडे पाहिलं. फळीवर पडलेल्या कोयत्या पाहिल्या. तो मूर्ख नव्हता, वाईटही नव्हता. चांगूकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, "शेजारीच ना रे तू? शेजारी असशील तर मी लिहिलंय ते तसंच राहतं. पगार होईल आजोबांचा. कोतवालाचंही मी बघतो, त्याने म्हाताऱ्या माणसाला मारायला नको होतं."

एक शब्द बोलायचा होता. हो म्हटलं असतं तर दिवाळीला चांगू बिरवाडीत असता.

"काय लिवलंय, वाचा परत," तो म्हणाला.

तलाठ्याने वाचलं. "अर्जदाराची देखभाल करणारे कोणीही नाही."

चांगूला रडू आलं नाही, राग आला. बापाच्या माराचा आला नव्हता, कोतवालाचा आला नव्हता, असा राग. पाच वर्षं, दोन दात, एक बोट, मोडलेली दोन लग्नं, आणि कागद म्हणतो कोणी नाही.

"खोडा त्ये."

"अरे, नीट विचार कर."

"खोडा. पाच वरसं मी ह्याचा गू काढतोय. माजं नाव लिवा."

"सांभाळणाऱ्याचा रकाना नसतो यात."

"मंग बाजूला लिवा." कुऱ्हाड अजून त्याच्या हातात होती आणि ती त्याने खाली ठेवली नाही.

तलाठ्याने ओळ खोडली आणि समासात लिहिलं. चांगूला वाचता येत नव्हतं, तरी अक्षरं संपेपर्यंत तो कागदावर वाकून उभा होता. आबाजीने कपाळ बडवलं. "आपल्या हातानं वाटोळं केलंस, पोरा."

"ठाव हाय," चांगू म्हणाला, आणि चूल पेटवायला गेला. पहिली भाकरी बापाने त्याच्या तोंडावर फेकून मारली, दुसरी खाल्ली.

कोतवालाचा हात महिनाभर गळ्यात होता. तलाठ्याने तो घसरून पडल्याचं लिहिलं, म्हणून केस झाली नाही. म्हाताऱ्याचा गुडघा काही परत वाकला नाही. आता त्याला उचलूनच न्यावं लागे. बिरवाडीची जागा दुसऱ्या कोणाला गेली, आणि ठमाबाईने भाच्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

भात कापणीला आला तेव्हा निकालाचा कागद घ्यायला चांगू पोलादपूरला कचेरीत गेला. खिडकीतल्या कारकुनाने वाचून दाखवलं, "अर्जदाराची देखभाल त्यांचा मुलगा चांगू हा करीत असल्याचे चौकशीत आढळले. सबब अर्ज नामंजूर." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "कळलं का?"

"पुन्यांदा वाचा," चांगू म्हणाला.

कारकुनाला वाटलं, याला नामंजूर म्हणजे काय ते समजलं नाही. त्याने सावकाश पुन्हा वाचलं. चांगूने कागदाची घडी केली, सदऱ्याच्या आत छातीशी ठेवली आणि दोनची एसटी धरायला तो धावत सुटला. बापाला तो गुरांच्या दाव्याने खांबाला बांधून आला होता. गाडी चुकली असती तर अंधार पडेपर्यंत दावं मनगटात रुतलं असतं.