परसातलं पाचट

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पुण्याला लेकीकडे, ऋतुजाकडे, राहायला गेले. परत सोलापूरला आले तेव्हा परसातला कडुलिंब जागेवर नव्हता. नुसता बुंधा होता, आणि बुंध्याशेजारी आमचे हे उभे होते, सत्काराला उभं राहतात तसे.

"तुझ्यासाठी पाडला," हे म्हणाले. "आता रोज झाडायची कटकट न्हाय."

मुलाने, अजिंक्यने, महापालिकेत खेटे घालून रीतसर परवानगीसुद्धा काढली होती. या घरात माझं म्हणणं इतकं मनावर कुणी कधी घेतलं नव्हतं. स्वयंपाकघरातला पंखा दुरुस्त करा म्हणून सांगता सांगता माझा घसा बसला, ते कुणाला ऐकू येत नाही. पण 'या झाडानं जीव नकोसा केलाय' हे मात्र बापलेकांनी बरोबर ऐकलं.

आता खरं सांगते. मी कुरकुरायची, कारण कुरकुर केल्याशिवाय बाईला बाहेर जाता येत नाही. 'जरा मोकळ्या हवेत जाते' म्हटलं की घरातल्या प्रत्येकाला नेमकं तेव्हाच काहीतरी हवं असतं. 'पाला पडलाय मेला, झाडून येते' म्हटलं की कुणी आडवं येत नाही. खराटा घ्यायचा, चार हात मारायचे आणि कंपाउंडच्या भिंतीला टेकायचं. पलीकडून दगडाबाई यायची, तिचा खराटा घेऊन. तिच्या परसात झाडच नव्हतं. ती काय झाडायची ते तिचं तिला ठाऊक. सुना, जावा, दुखणीखुपणी, सगळं त्या भिंतीवर व्हायचं. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ माझा होता, आणि तोच या दोघांनी मुळापासून तोडला.

झाड गेलं तसं ऊन थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलं. काळी माती भेगाळली. अजिंक्य चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला आहे. तिथे जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाइलवर उपाय शोधला. मल्चिंग. म्हणजे माती उघडी ठेवायची नाही, लिंबू-कढीपत्त्याची रोपं लावायची आणि भोवती वाळक्या पाल्याचा जाड थर द्यायचा.

वाळक्या पाल्याचा. मी बुंध्याकडे बघितलं.

एसटीच्या वर्कशॉपमधून मानाने निवृत्त झालेला आमचा माणूस पोतं घेऊन गल्लीत पाला मागत फिरायला लागला. लोक चहा पाजायचे आणि पाला नाही म्हणून सांगायचे. दगडाबाईने तर तोंडावरच विचारलं, "भाऊ, पाला पायजे हुता तर झाड कशापायी पाडलं?"

"हिच्यासाठी," हे म्हणाले, अजून तितक्याच अभिमानाने.

शेवटी माढ्याहून माझ्या भावाने, अजिनाथने, उसाचं पाचट टेम्पोत घालून पाठवलं. ऊस तोडल्यावर खाली राहतो तो वाळका पाला. तिकडे शेतात पैशाला पासरी. बापलेकांनी रविवारभर खपून ते बुंध्याभोवती अंथरलं, रोपांच्या खोडापासून वीतभर लांब ठेवून, पाणी मारून, तुडवून. दिसायला म्हणाल तर कुणीतरी उकिरडा नीटनेटका लावून ठेवला होता. पण माती गार राहायला लागली, एवढं कबूल करते.

नियम एकच होता. खराटा लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने खराटा उचलला, तर हे दारात आडवे. "तू बस की निवांत. मी हाय." आणि स्वतः गेले. पाचटात बोट खुपसून ओल बघितली, एक रोप उगाच सरळ केलं, आणि भिंतीला टेकले. पलीकडून दगडाबाई आली. मी खिडकीतून बघत होते, कारण यांचा चहा मीच उकळत होते.

मग रोज तेच चाललं. एकदा चहा पिता पिता हे सहज म्हणाले, "दगडाबाईची सून माहेराहून परत आली. आता दोघींचं बरं चाललंय म्हणं."

त्या सासूसुनेचं भांडण मी वर्षानुवर्षं भिंतीशी उभं राहून ऐकलं होतं. सून रुसून गेली त्या दिवशी दगडाबाईबरोबर मी रडले होते. आणि ती परत आल्याचं मला चहाबरोबर कळत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

"अहो, मला झाडायचं कधीच नव्हतं," मी म्हणाले. "मला बाहेर उभं राहायचं होतं, कुणाशी तरी बोलायचं होतं. ती माझी जागा होती. तुम्ही घेतलीत."

हे बशीकडे बघत बसले. आता 'आधी सांगायचं हुतंस' येणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं.

"तुमी दोघी हसायच्या," हे म्हणाले. "मी आत टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकायचो. निवृत्त झाल्यापासनं माझ्याशी बोलतंय कोण? अजिंक्य मोबाइलशी बोलतो, तू भिंतीशी. झाड तुझ्यासाठीच पाडलं, पर बाहेर उभारल्यावर कळलं, हितं लई बरं वाटतंय."

या माणसाला एकटं वाटत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"उद्यापासनं दोघं जाऊ की," हे म्हणाले.

गेलो. मी या टोकाला, हे त्या टोकाला, मधे पाचट. दगडाबाई आली, भिंतीवरून आधी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे, आणि पदर सावरून म्हणाली, "दूध ठिवलंय गॅसवर, येते की मागनं." ती काही आली नाही. नवराबायको दोघं समोर उभे असल्यावर तिने तरी कुणाविषयी काय बोलायचं?

आम्ही दोघंच उरलो. इतकी वर्षं संसार केला, आणि काय बोलावं ते सुचेना. हे पाचटाकडे बघत होते, म्हणून मीही बघितलं. मग यांनी घसा खाकरला.

"तुमी दोघी," त्यांनी विचारलं, "सुरवात कशी करायच्या?"