पाणसळीची साक्ष

मी एक जुनी पाणसळ आहे. कामावरची माणसं मला लेव्हल म्हणतात. हातभर लांब पट्टी, मधोमध काचेची किंचित बाकदार नळी, नळीत पिवळट द्रव आणि एक बुडबुडा. बुडबुडा नेहमी उंच बाजूला पळतो. दोन रेघांच्या मध्ये थांबला, की जमीन सपाट. एवढंच माझं ज्ञान, मित्रांनो. पण त्यावर तीस वर्षं निघाली.

माझे मालक फरशी बसवणारे मिस्त्री. त्यांच्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. कोणी कौतुक केलं, की ते मला थोपटायचे. पुढे त्यांची लेकही त्यांच्या हाताखाली तयार झाली.

अठ्ठावन्न वर्षं त्यांनी दारूला हात लावला नव्हता. बायको गेली, झोप येईना, म्हणून सुरुवात झाली. वर्षभरात पाण्याच्या बाटलीतून दारू कामावर येऊ लागली. हात कापायचे, फरशा कलायच्या. जेवणानंतर ते कोपऱ्यात लवंडले, की लेक रबरी हातोडीने त्या गुपचूप सारख्या करायची. जिथे काम चालू असेल, तिथली घरमालकीण म्हणायची, "काका, हात अजून तस्साच आहे हं तुमचा."

ते लेकीकडे बघायचे. "ऐकलंस? आणि तू माझ्या बाटलीच्या मागे लागतेस."

शेवटी एक दिवस तिने हातोडी उचललीच नाही. दुसऱ्या सकाळी मालकांनी मला त्या फरशीवर ठेवलं. बुडबुडा खिडकीकडे पळाला.

"ही बिघडली," ते म्हणाले. "टाकून दे."

"फिरवून बघा की. तुम्हीच शिकवलंय."

"आल्या इन्स्पेक्टरबाई."

पण त्यांनी माझी टोकं अदलाबदल करून मला तिथेच ठेवलं. दोष माझ्यात असता, तर बुडबुडा आता दाराकडे गेला असता. तो पुन्हा खिडकीकडेच गेला.

त्यांनी उकिडवं बसून फरशीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आधीच्याही अशाच होत्या?"

"सहा महिने मी सारख्या करतेय, बाबा. आता नाही करणार. आई गेली. तुम्हालाही जाताना बघायचं नाहीये मला."

त्यांनी बाटली तिच्या हातात दिली. "दवाखान्यात येशील ना बरोबर? एकट्याने माझं पाऊल उचलायचं नाही."

ती त्यांच्याबरोबर गेली. हा आजार आहे, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मध्ये दोनदा मालक पुन्हा प्यायले. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःहून लेकीला सांगितलं. सध्या मी बहुतेक तिच्याच हातात असते. ते शेजारी बसून तिच्या चुका काढतात, अगदी मन लावून.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचं असं होत असेल, तर ते झाकत बसू नका. ते तुमचं काम नाही आणि तुमची चूकही नाही. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि माझ्यासारखं एखादं अवजार घरात असेल, तर वापरल्यावर लगेच पुसून ठेवा. सिमेंट ओलं असतं तेव्हा एका फडक्यात निघतं. वाळल्यावरही निघतं, फक्त फार वेळ, हलक्या हाताने खरवडावं लागतं.